एका गोलाची अट

"पुण्यात बर्फ रसवंतीत मिळतो. तिथं खेळा की," असं म्हणून माझ्या सासूबाई पुन्हा मटार सोलायला लागल्या. महाराष्ट्राच्या महिला आइस हॉकी संघाची गोलरक्षक म्हणून मी लडाखला जाणार, या बातमीचं नारायण पेठेतल्या आमच्या घरी झालेलं हे स्वागत. नवऱ्यानं एवढंच विचारलं, की मुलीचा डबा कोण करणार. मी म्हटलं, तू. विषय संपला.

मी काही जन्मजात खेळाडू नव्हे. बँकेत नोकरी करणारी, पस्तिशीला आलेली बाई. रविवारी सकाळी मुलीला बागेतल्या स्केटिंगच्या क्लासला सोडायचं आणि आयांच्या बाकावर बसून राहायचं. त्या बाकावर शिकवण्या आणि सासवा यांच्यापलीकडे गाडी जात नसे. एकदा मी उठले आणि सरांना म्हटलं, मलाही शिकवा. सर शनिवार पेठेतले, सत्तरीच्या घरातले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "का, बाक मोडला का?"

पुढच्या रविवारी मी स्वतःचे स्केट्स घेऊनच गेले. मला कुणी असं बोललं की मी हट्टाला पेटते, हे माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. सरांना नव्हतं.

माझ्यामागून बाकावरच्या आणखी दोघी उठल्या. वाघोलीच्या कॉलेजातल्या काही मुली यायला लागल्या. आणि ती आली, आमची खरी खेळाडू. भवानी पेठेत तिच्या अब्बांचं प्लायवूडचं दुकान. आमच्या सरावाच्या गोलामागची फळी त्यांच्याच दुकानातली. अंगानं ती काडीपैलवान, पण चाकांवर उभी राहिली की कुणाला सापडायची नाही. मी क्रिकेटचे पॅड बांधून गोलात उभी राहायचे आणि ती मला रबराची ती जाड चकती, म्हणजे पक, अशी हाणायची की दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना जिना चढवत नसे.

आमचं रिंक सिमेंटचं, भोवती कमरेएवढा लोखंडी कठडा. चाकांवर वेग घेणं सोपं असतं, थांबणं अवघड. दोन्ही पाय एकदम आडवे केले तर माणूस तोंडावर आपटतो. एक पाय मागे घासत थांबावं तर चाकांची वाट लागते. म्हणून आम्ही सगळ्यांनीच पुणेरी काटकसर केली. सुसाट जायचं आणि कठडा पकडायचा. सर बाहेरून ओरडत, "कठडा सोडा. तो काय तुमच्याबरोबर सासरी येणार आहे?" आम्ही हो म्हणायचो आणि पुढच्या फेरीला पुन्हा पकडायचो.

बागेतल्या हास्य क्लबला आमच्या पकच्या आवाजाचा त्रास व्हायचा. एका सकाळी फाटकावर पाटी आली, "बर्फावरची हॉकी बर्फावर खेळावी." मला ती पाटी आवडली. पहिल्या हंगामात आम्ही बर्फावर गेलोच की. गेलो, सगळे सामने हरलो, आणि एकही गोल न करता परत आलो.

संघ पाठवायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीत सरांचा शब्द चालायचा. दुसऱ्या हंगामाआधी त्यांनी आम्हाला कठड्यापाशी बोलावलं. "या वर्षी जा. पण एक गोल करून या. नाही झाला तर महिलांचा संघ बंद. उगाच हसं नको."

"एकच?" मी विचारलं.

"एक झाला तरी गंगेत घोडं न्हालं."

आमची भवानी पेठेतली पोरगी स्केट्सच्या नाड्या सोडत होती. मान वर न करता मला म्हणाली, "ताई, मुलांची टीम हरली की कोच बदलतात. आपण हरलो की टीमच बंद?" सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. सरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि चष्मा पुसला. मला मात्र त्या क्षणी असा राग आला की घरी येऊन मी भांडी घासून काढली. मोलकरीण येऊन गेली होती तरी.

लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यावर सामने. जिना चढल्यावर लागते तशी धाप तिथं नुसतं बसल्या जागी लागायची. आणि बर्फावर कठडा नसतो. कडेला लाकडी फळ्या असतात, पकडायला काही नाही. आमच्या पोरी सुसाट जायच्या आणि धाडकन त्या फळ्यांवर आदळायच्या. एक उठेपर्यंत दुसरी आदळायची. बघायला आलेल्या म्हाताऱ्या बायका आधी हसल्या, मग त्यांना आमची दया यायला लागली. दयेचा मला जास्त राग आला. पहिल्या सामन्यात मी इतके गोल खाल्ले की त्या दिवशी जेवायची गरज नव्हती.

दुसऱ्या सामन्यात तो क्षण आला. आमची भवानी पेठेतली पोरगी दोघींना चुकवून एकटी पुढे गेली, समोर फक्त त्यांची गोलरक्षक. तिनं पक मारला, पण थांबणार कशी? पक, ती आणि त्यांची गोलरक्षक, सगळी वरात एकदमच जाळ्यात गेली. पंचांनी हात आडवे केले. गोलरक्षकाला धडकलीस, गोल नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा अगदी तसंच. तोवर सगळ्या संघांना कळून चुकलं होतं, की पुण्याची पोरगी आली की बाजूला व्हायचं किंवा अंग घट्ट करून उभं राहायचं. ती काही थांबत नाही.

तिसऱ्या पराभवानंतर ती तळ्याच्या काठी बसून रडली. खूप रडली. "माझ्यामुळे बंद होणार, ताई." मी तिला समजावलं नाही. मला समजावता येत नाही. मी म्हटलं, "रडून झालं की उठ. एक सामना बाकी आहे."

तिथल्याच एका संघाची कप्तान जवळ उभी होती. वयानं तिच्याएवढीच, गाल थंडीनं फुटलेले. आमचा शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. ती हिंदीत म्हणाली, "दोन्ही पाय आडवे कर आणि खाली बस. बर्फ तुला धरतो."

आमची पोरगी म्हणाली, "तोंडावर पडेन."

"पड की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमची पोरगी पडत राहिली. पाय आडवे करायची वेळ आली की अंग आपोआप ताठ व्हायचं, हात कठडा शोधत हवेत जायचा. कप्तान तिला पुन्हा न्यायची, पुन्हा दाखवायची. दुपार कलली तेव्हा एकदा करकर असा आवाज झाला, बर्फाचा भुगा उडाला, आणि ती उभी होती. जागच्या जागी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हेल्मेटच्या आत रडून घेतलं.

शेवटचा सामना आम्ही हरणारच होतो आणि हरतच होतो. मी गोलात उभी राहून अंगावर घेत होते. मग कधीतरी पक माझ्या पॅडला लागून बाहेर आला, वाघोलीच्या एकीनं तो पुढे ढकलला, आणि ती निघाली. सुसाट. त्यांच्या गोलरक्षकानं तिला येताना पाहिलं आणि जे सगळे करत होते तेच केलं. खांदे आवळले, तोंड फिरवलं, धडकेची वाट बघत उभी राहिली.

धडक आलीच नाही. ती हातभर अंतरावर थांबली, आणि ताटात भात वाढावा तसा पक हळूच बाजूनं आत सरकवला.

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या समोरच्या कप्तानानं. तिच्याच संघावर गोल झाला होता.

घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "एकच ना? मग एवढ्या लांब कशाला गेलात?" संध्याकाळपर्यंत मात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सगळ्यांना तो गोल पाठ झाला होता.

पुण्याला परत आल्यावर मी सरांना गाठलं. म्हटलं, झाला एक. ते म्हणाले, "एका गोलानं काय होतं, बाई?"

"अहो सर, आपणच एक म्हणालात."

"मी गमतीनं म्हणालो. मला कुठं वाटलं होतं होईल म्हणून."

पुष्कळ उत्तरं सुचली, सगळी अस्सल पेठेतली. पण एकच दिलं. "आम्ही गमतीनं केला नाही, सर." आणि उद्या सकाळी सराव आहे, असा निरोप मी सगळ्या मुलींना धाडला.

सकाळी गेलो तर रिंकच्या फाटकाला कुलूप. किल्ली सरांकडे असायची आणि रोज ते आमच्या आधी हजर असायचे. त्या दिवशी नव्हते. वाघोलीच्या मुली म्हणाल्या, परत जाऊ या. इतक्या लांबून आल्या होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, कठडा आहे ना. ज्याला इतकी वर्षं लटकलो त्याच्यावरून चढून आम्ही आत उतरलो. पस्तिशीची, क्रिकेटचे पॅड बांधलेली मी कठड्यावरून उतरतेय हे बघून हास्य क्लबचं हसू त्या दिवशी खरं झालं.

सर आले तेव्हा आमचा खेळ रंगात आला होता. ते कठड्याला टेकून उभे राहिले. "कुणाला विचारून आत आलात?"

आमची पोरगी पलीकडच्या टोकाला होती. तिनं वळण घेतलं आणि थेट सरांच्या दिशेनं निघाली, पूर्वी यायची तशीच. सरांनी पहिल्या दिवसापासून आम्हाला त्या कठड्यावर आदळताना पाहिलं होतं. ते दोन पावलं मागे सरले.

तिनं दोन्ही पाय आडवे केले. चाकं सिमेंटवर किंचाळली, ती हेलपाटली, हात हवेत गेला आणि कठड्याला न लागता खाली आला. ती थांबली.

"सर," धापा टाकत तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी कधी निघायचं?"

सर बराच वेळ तिच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फाटकाकडे गेले. आम्ही सगळ्या आतच होतो, तरी त्यांनी कुलूप काढलं.