सुतळी बांधलेली बादली

इमारतीतले शेजारी त्यांना 'खूनवाले' म्हणायचे, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना त्याचं कौतुकही होतं. टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेचे नऊशेच्या वर भाग त्यांनी लिहिले. आता त्या नावाची त्यांना शिसारी येते, आणि स्वतःच्या हाताची तर त्याहून जास्त.

मालिकेचा नियम सोपा आणि घाणेरडा होता. पहिल्या जाहिरातीआधी प्रेत, तिसऱ्या जाहिरातीनंतर खुनी, आणि खुनी घरातलाच. चॅनेलवाली बाई बिस्किटाचा चुरा झटकत म्हणायची, "परका चोर कशाला? त्यात रडायला काय आहे? जवळचं कोणीतरी द्या." खूनवाले मान डोलवायचे. कधी भाऊ, कधी सून, कधी म्हातारी आई. बावीस वर्षांत या माणसाने एक नातं धड ठेवलं नाही.

त्यांची सगळ्यात इमानी प्रेक्षक म्हणजे थोरली बहीण. ताई एकटी राहायची. दर गुरुवारी संध्याकाळी दुसरी जाहिरात लागली की तिचा फोन यायचा, "दीरच ना रे?" आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. लाखो लोक बघतात म्हणे, पण खूनवाले लिहायचे ते त्या एका फोनसाठी.

ताईचे यजमान जिन्यावरून घसरून गेले होते. जिना तिने नुकताच धुतला होता, आणि ओला आहे हे सांगायचं राहून गेलं. ही गोष्ट तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. तो माणूस म्हणजे हा धाकटा भाऊ.

मग एका मंगळवारी चॅनेलवाल्या बाईने एकामागून एक पाच कथा मोडीत काढल्या. शूटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी. डोकं पार रिकामं झालेलं, आणि हाताने आपसूक लिहिलं: बायको, जिना, पाणी. मुद्दाम ओतलेलं. नंतर बदलू, असं त्यांनी स्वतःला समजावलं, जसं काही या धंद्यात 'नंतर' नावाची वेळ असते. नवऱ्याला मिशा दिल्या, बायकोला चष्मा दिला, आणि झालं. पण वस्तू नेमकी लिहायची खोड अंगात मुरलेली, त्यामुळे बादली उतरली ती ताईच्या मोरीतलीच. निळी, कडी तुटलेली, सुतळीने बांधलेली. सेटवरचा सामानवाला कामाला चोख. त्याने नवी निळी बादली आणली, तिची कडी तोडली आणि सुतळी बांधली.

भाग थांबवायला ते गेले नाहीत असं नाही. "इतका खरा वाटतोय, आणि थांबवू?" बाई म्हणाली. ताईला आधीच सांगावं म्हणून दोनदा तिच्या घरी गेले आणि चहा पिऊन परत आले. असल्या भित्र्या माणसाने इतके खून लिहिले, याचीच किळस यावी.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी पडद्यावर बादली आली. चांगली जवळून दाखवली. दुसरी जाहिरात लागली आणि फोन वाजला.

"बायकोच ना?" ताईने विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"ताई, ऐक. त्यांना घरातलाच माणूस लागतो. त्याला काही अर्थ नसतो."

"ते ठाऊक आहे रे. सगळे भाग बघितलेत मी." तिच्याकडच्या टीव्हीवरची साबणाची जाहिरात ऐकू येत होती. "एवढंच सांग. मी तुला सांगितलं, त्या दिवसापासून तुला असंच वाटत होतं का?"

"नाही," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले. इतक्या पटकन 'नाही' म्हणणारी माणसं त्यांनी शेकड्याने लिहिली होती, आणि ती सगळी खोटारडी निघाली होती.

"बरं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी खुनी मेहुणा होता, अगदी सहज ओळखता येण्यासारखा. दुसरी जाहिरात लागली, संपली. तिसरीही संपली. खूनवाले फोन हातात धरून बसून राहिले.