कन्फाइड म्हणजे काय

शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावण्यात वहिनीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती वहिनी खरी शेजारच्या मशीनवर काज करणाऱ्या नणंदेची. पण तिचं ऐकून सगळेच वहिनी म्हणू लागले.

लाइनची सुपरवायझर निवृत्त होणार होती. परदेशी गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलेल तिलाच ती जागा मिळणार, म्हणून काम सुटल्यावर जेवणाच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. वहिनी भराभर शिकली. नणंदेच्या सगळं डोक्यावरून जाई, म्हणून घरी भांडी घासता घासता वहिनी तिच्याकडून घोकून घेई. त्या आठवड्यात धडा होता गुपितांचा.

"रीतसर उघड करणं ते डिस्क्लोज. चुकून तोंडातून निसटलं तर लेट स्लिप. अन् भरवशाच्या माणसाला पोटातलं सांगणं म्हणजे कन्फाइड."

"उदाहरण दे ना गं."

वहिनीने दाराकडे पाहिलं. "मला फिट येतात हे मी फक्त तुला सांगितलं. तुझ्या दादालाही नाही. ते कन्फाइड."

गोळ्यांमुळे लग्नानंतर तिला एकदाही फिट आली नव्हती.

वर्गात बाईंनी प्रत्येकीला वाक्य करायला लावलं. निवडीसाठी मॅनेजर मागे बसले होते. नणंद उठली आणि न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "माझ्या वहिनीने मला कन्फाइड केलं, की तिला फिट येतात."

"व्हेरी गुड!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या, मग एकेकीला अर्थ लागला तशा टाळ्या विरल्या.

"म्हणजे आपली कॉलरवाली?" मॅनेजरनी विचारलं.

"हो ना, साहेब."

वाटेत नणंद म्हणाली, "चुकून गेलं गं."

"चुकून? तू तर पाठ करून आली होतीस."

"पाठ कोणी करून घेतलं?"

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या मशीनवर भलतीच कोणी बसली होती. वहिनीला धागे कापायला बसवलं. घरी नवरा म्हणाला, "फसवून गळ्यात पडलीस." सासूने तान्ही लेक तिच्या कडेवर द्यायची बंद केली, दूध पाजतानाही म्हातारी समोर बसून राहायची.

जागा नणंदेला मिळाली. पहिल्याच दिवशी ती धाग्यांच्या टेबलापाशी आली आणि सगळ्यांदेखत, अगदी मायेने म्हणाली, "वहिनीला टोकदार कात्री देऊ नका गं. बोथट द्या. आणि वहिनी, हात जरा चालव, ढीग साचलाय."