मागच्या सवारीची पसंती

तुमसरच्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये मी दोन स्पोर्टी गाड्यांत अडकलो होतो. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या, फक्त एकीचा चेहरा जास्त रागीट. साहजिकच ती मला आवडली.

सिहोऱ्याकडचा एक माणूसही त्याच दोन गाड्या पाहत होता. त्यानं ना इंजिन ऐकलं, ना मायलेज विचारलं. साडीतल्या बायकोला दोन्हींवर मागं, एका अंगानं बसवलं आणि स्वतः दुपट्ट्यानं मान पुसत बाजूला उभा राहिला.

रागीट गाडीवर ती ओरडली, "घसरून राहिली ना जी मी!" दुसरीवर निवांत बसली. त्यानं लगेच तीच घेतली.

मी हसलो. "भाऊ, ही स्पोर्टी गाडी आहे, बैलबंडी नाही."

"हाव," तो म्हणाला, "पण तुम्ही मांगच्या सवारीले इचारलं का?"

असल्या सल्ल्याची मला गरज नव्हती. सेल्समनशी तासभर भांडून मी रागीट गाडी घेतली, वर सीट कव्हर फुकट उपटलं.

माझी बायको तिच्यावर एकदाच बसली. आता ती माहेरी एसटीनं जाते. एवढी अक्कल होती, तर त्या माणसानं माझा हात धरायला नको होता? सीट कव्हर मात्र उत्तम निघालं. मागचा भाग अजून नवाकोरा आहे.