घाटकोपरला तपासलेला आईचा श्वास

वडील यकृताच्या आजाराने गेले. शेवटच्या वर्षात त्यांच्या पोटात पाणी साठत होतं. ते गेल्यावर काही महिन्यांनी आईचं पोट फुगू लागलं. तिने साडीची गाठ सैल केली, रात्रीचं जेवण सोडलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सोनोग्राफीत यकृत ठीक दिसलं, पाणी नव्हतं. डॉक्टरांना लहान आतड्यात जिवाणू वाढल्याची शंका होती. त्यांनी श्वासाची तपासणी लिहून दिली. आईचा विश्वास बसला नाही. वडिलांची पहिली सोनोग्राफीही ठीकच आली होती.

विक्रोळीहून आम्ही घाटकोपरच्या लॅबमध्ये गेलो. आदल्या दिवशी फक्त पांढरा भात खायचा. दूध, फळं, डाळी बंद, अशी सूचना होती. तिथल्या मुलीने हातात मावणाऱ्या यंत्राची नळी आईच्या तोंडाशी धरली.

"आजी, जोरात फुंकू नका. हळूहळू सोडा."

"केकावरची मेणबत्ती विझवूक नाय इलंय मी. समाजला माका."

आतड्यातले जिवाणू न पचलेल्या अन्नावर जगतात आणि हायड्रोजन तयार करतात. तो रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर येतो. सुरुवातीचा आकडा कमी असावा लागतो. आईचा जास्त आला.

"काल काय खाल्लं?"

"भात. आणि काय नाय." मग ती म्हणाली, "शेजारी सत्यनारायण होतो. प्रसाद घेतलंय."

म्हणजे दूध आणि केळं घातलेला शिरा.

"अहो आजी, ते खाणंच झालं ना."

"प्रसादाक कोण नाय म्हणता?"

मुलीने यंत्र बंद केलं. तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली.

दुसऱ्या वेळी आकडा बरोबर आला. मुलीने एका बाटलीतलं घट्ट, गोड औषध पाण्यात ढवळलं. आईने बाटली ओळखली. वडिलांना ते रोज द्यावं लागायचं.

"ह्या ह्यांचा औषध," ती मला म्हणाली. "माका कित्याक? खरा सांग."

मी सांगितलं की वडिलांना ते पोट साफ राहावं म्हणून होतं, इथे ते जिवाणूंना खायला घालून किती वायू निघतो ते बघतात. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग प्याली.

दर थोड्या वेळाने ती फुंकत होती. औषध मोठ्या आतड्यात पोहोचायच्या आधीच आकडा चढला. संध्याकाळी डॉक्टरांनी शंका खरी असल्याचं सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. यकृताचा संबंध नाही, असंही सांगितलं.

"म्हणजे ह्यांच्यासारखा नाय?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

"ह्यांका पण असा फुकूक लावूक होया होता."

या यंत्राला यकृताचं काही कळत नाही, असं मी म्हटलं. यकृतासाठी श्वासाची वेगळी तपासणी असते, पण वडिलांचा आजार आधीच सापडला होता. शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हां," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने फडताळातून एक बाटली काढली. तेच औषध, अर्धं उरलेलं. ते घरात आहे हे मला माहीत नव्हतं.

"लागतला म्हणान ठेवलेलंय," ती म्हणाली.

तिने ते मोरीत ओतलं. चिकट होतं, जायला वेळ लागला. वर दोन तांबे पाणी ओतून तिने भात लावला.