गिळणीची राखण

“पाय टाकायच्या आदी जाग्याचं नाव इचारावं, गुरुजी,” असं म्हणत बायने मला दंडाला धरून बांधावर मागे ओढलं. धरमतरच्या खाडीतल्या त्या बेटावर शाळामास्तर म्हणून माझा पहिलाच दिवस होता. ओहोटी होती. समोर सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत चिखल. त्यातून होडीकडे जायची वाट जवळची वाटली, म्हणून मी चपला हातात घेऊन उतरणार होतो.

“हिला गिळण म्हंतात. म्हशी गेल्यात हिच्यात.”

बाय शाळेत खिचडी शिजवायची. अर्धं आयुष्य मिठागरात गेल्याने तिच्या तळपायांना भेगा होत्या. सगळं बेट तिला बाय म्हणायचं, मीही. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याला बांध न् बांध नावाने ठाऊक असतो. बांध फुटायचा ती फुटकी खांड, गोडं पाणी लागायचं ते गोडझरं. मुलांना वाढताना ती ही नावं विचारायची. “आदी नाव, मंग भात,” असा दम द्यायची, आणि उत्तराआधीच वाढून मोकळी व्हायची.

मग बेटावर रिसॉर्ट आलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मॅनेजरने बोर्ड माझ्याकडूनच रंगवून घेतले. गोडझऱ्याचं ‘हनी स्प्रिंग’ झालं, गिळणीचं ‘सनसेट पॉइंट’. पिवळ्यावर निळी अक्षरं मी हौसेने काढली.

बायला वाचता येत नव्हतं. “काय लिवलंत?” तिने विचारलं. मी सांगितलं, अर्थही सांगितला. तिने निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“ह्याच्यात चिखल कुठं हाय?”

मी हसलो. ती हसली नाही.

पुढे एका अमावस्येला, सकाळी शाळा भरल्यावर, रिसॉर्टवरचा एक परगावचा नोकर शाळेच्या अंगणात धावत आला. “सनसेट पॉइंटला पाहुणे अडकलेत!”

“कंचा पॉइंट?” अंगणातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. दोघे तर उलट्या दिशेला, धक्क्याकडे पळाले. बायने माझ्याकडे पाहिलं.

“गिळण,” मी म्हणालो.

“फळा काढा!” ती ओरडली. वर्गातला लाकडी फळा डोक्यावर घेऊन आम्ही पळालो. भरती लागली होती. एक माणूस कमरेपर्यंत रुतला होता आणि त्याने मुलीला खांद्यावर धरलं होतं. बाय चिखलावर टाकलेल्या फळ्यावर पालथी पडून सरकत गेली. आधी मुलगी आणली. बापाला दोर बांधून ओढलं, तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

त्याच संध्याकाळी मी बोर्डाखाली लाल रंगाने लिहिलं, ‘गिळण. उतरू नये.’

“अहो, पाहुणे घाबरतात,” मॅनेजर म्हणाला.

“घाबराया पायजे,” बाय म्हणाली.

आठ दिवसांत लाल अक्षरांवर पिवळा रंग फिरला. मी पुन्हा लिहिलं नाही. भांडायची माझी हिंमत झाली नाही, हे आज कबूल करतो. बाय मात्र तेव्हापासून ओहोटीला काठी घेऊन बांधावर बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. पाहुणे तिचे फोटो काढायचे.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. लेकीने तिला रोह्याला नेलं. तिथूनही दर अमावस्या-पौर्णिमेला फोन यायचा. “गुरुजी, आज उधान हाय. तिथं कोन बसलंय?”

“बसलंय कोणीतरी,” मी खोटंच सांगायचो.

एकदा तिने विचारलं, “कोन?”

मला नाव सुचेना.

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलाच नाही. महिन्याभरात ती गेल्याची बातमी आली.

मी तेव्हा निवृत्त होऊन पेणला, रामवाडीत राहत होतो. पुढच्या अमावस्येला सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी वडखळची गाडी धरली, तिथून पुढे होडी. बांधावर पोचलो तर एक कुटुंब चपला हातात घेऊन खाली उतरत होतं.

“उतरू नका!” मी धावत, धापा टाकत ओरडलो. “ही गिळण आहे! माणूस जातं हिच्यात!”

तो गृहस्थ हसला. “काका, बोर्डावर तर सनसेट पॉइंट लिहिलंय.”

“तो बोर्ड मी लिहिलाय,” मी म्हणालो.

त्याच्या बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पोराला उचलून वर घेतलं.