दोरीवरचे कपडे

अर्नाळ्याजवळ नंदाखालला आमच्या केळीच्या वाडीत दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. खोल्यांचं इंटरनेटवरचं पेज मी सांभाळते, म्हणजे त्याच्यापायी माझ्या जिवाला स्वस्थता नसते. कोणी काय लिहिलं हे बघितल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही. सासूबाईंना त्याचं काही सोयरसुतक नाही. त्यांच्या लेखी खोलीत उतरलेला माणूस म्हणजे घरी आलेला पाहुणा.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं अर्नाळ्याला समुद्रात डुंबून आलं आणि ओले कपडे खोलीतल्या बाथरूममध्ये टाकून जेवायला गेलं. खाऱ्या पाण्याने कपडे कडक होतात, म्हणून सुट्टीत येणाऱ्या भाचरांचे कपडे सासूबाई नेहमी विहिरीच्या पाण्यात खळबळून काढतात. तसेच यांचेही काढले आणि दोन माडांमधल्या दोरीवर वाळत घातले. आतले, बाहेरचे, सगळे.

जोडप्याने जेवून परतताना ते बघितलं असणार, पण निघताना गोड बोलून गेले. घरी पोचल्यावर रील टाकली. दोरी, कपडे आणि चिमटे लावणाऱ्या पाठमोऱ्या सासूबाई. वर लिहिलेलं, 'इथे तुमच्या खोलीत कोणीही शिरतं.'

माझं डोकंच फिरलं. तोंडावर बोलायला काय झालं होतं? तरी पेजवर माफी मागितली, हात जोडलेली चित्रं टाकली. मग सारखा हातात फोन. भाजी करपली तरी फोन. रीलखाली कोणी हसत होतं, कोणी चोर म्हणत होतं, कोणाला आजी फार क्यूट वाटत होती. हे सासूबाईंच्या कानावर जाऊ नये, एवढीच धास्ती होती.

गेलंच. पिठाच्या गिरणीत शेजारणीने कौतुकाने रील दाखवली, खालचं वाचूनही दाखवलं. घरी येऊन त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाय, मी चोर हाय का गो?" मी नाही नाही म्हणत राहिले. मला रडू येत होतं आणि त्या जोडप्याचा संतापही.

पुढच्या शनिवारी ठाण्याहून मुलींचा घोळका आला, ती रील बघूनच. खोल्या भरल्या, मला हायसं वाटलं. समुद्रावरून आल्या आल्या एकीने ओले कपडे पुढे केले, दुसरीने फोन धरला. "आजी, आमचे पण धुवा ना, प्लीज. रील बनवायचीय."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तिकडं नल हाय, पानी येतं," म्हणाल्या. मग आत गेल्या आणि दाराला कडी लावली. दिवसाउजेडी आमच्या घराला कडी लागलेली मी पहिल्यांदाच ऐकली.