लोड कमी करा

टायरवाल्याने माझं ऐकलं, ही त्याची चूक. पण आधी मी त्याचं ऐकलं नाही.

माझ्या छोट्या गाडीला कंपनीने एकशे पासष्ट मिलिमीटर रुंदीचे टायर दिले होते. मी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून एकशे पंच्याण्णववर ठाम होतो. टायर जितका रुंद, तितकी गाडी वळणावर रस्ता धरून राहते. (हे व्हिडिओतल्या माणसाचं मत. त्याची गाडी माझ्या हॉलपेक्षा मोठी होती.)

“भिया, गाडी के हिसाब से चौडा हो जाएगा,” टायरवाला इंदुरी हिंदीत म्हणाला.

कंपनी पैसे वाचवते, असं मी त्यालाच समजावलं. मग बायपासवर एकट्याने चक्कर मारली. गाडी अशी चिकटून वळली की मला घरी जावंसंच वाटेना!

रविवारी मानपूरला माईंच्या थोरल्या नातीचा साखरपुडा. माई म्हणजे माझ्या सासूबाई. नातीला पहिलं कुंकू आपणच लावायचं, एवढंच त्यांचं मागणं, मुहूर्त अकराचा. जुन्या इंदुरातून निघालो. मागे माई, त्यांच्या दोन बहिणी, पुढे बायको सुनंदा. तिघी बहिणी खात्यापित्या घरच्या.

पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून घर्रर्र आवाज आला, पाठोपाठ वास.

“सुनंदा, गॅस बंद केलास ना?” माईंनी विचारलं.

नव्या टायरला वास येतोच, असं मी ठोकून दिलं. पुढच्या ब्रेकरला धूर दिसला. उतरून वाकलो, तर मागचा टायर मडगार्डला घासत होता. टायरवाल्याला फोन लावला.

“पीछे लोड कितना है, भिया?”

मी मागे बघितलं आणि हळूच म्हणालो, “ससुराल है.”

“तो लोड कम कर लो.”

आता हे सासूला कुठल्या शब्दांत सांगायचं? मी म्हटलं, माई, जरा पाय मोकळे करता का? मग प्रत्येक ब्रेकरआधी तिघी पैठण्या सावरत उतरायच्या, मी गाडी पलीकडे न्यायचो, तिघी चालत येऊन बसायच्या. महूपर्यंत मावश्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. साडेदहा वाजले. चौथ्यांदा उतरल्यावर माई काही बसल्या नाहीत. त्यांनी रस्त्यावर हात केला, मानपूरची बस थांबली, आणि तिघी चढल्या. चौथी सुनंदा!

मी एकटाच मागून निघालो. आणि सांगायला लाज वाटते, पण प्रत्येक वळणावर गाडी काय सुंदर चालली!

पोचलो तेव्हा कुंकू लागलं होतं, माई वेळेत होत्या आणि व्याह्यांकडची मंडळी माझ्याकडे बघून अदबीने हसत होती. मी सुनंदाला बाजूला घेऊन म्हटलं, उद्याच जुने टायर बसवतो.

“कशाला? छान चालते की,” ती म्हणाली. “आम्ही परत बसनेच येतो. ओटीचा नारळ तेवढा तुम्ही आणा. एकच आहे, झेपेल गाडीला.”